पडद्यावरची बंदूक आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या वक्त्याकडून सामान्यतः गतवैभवाच्या स्मरणाची अपेक्षा असते. बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीत या प्रदेशात स्थिरावलेली मराठी घराणी, तात्यापाऱ्यातील जुनी वस्ती, मराठी मातृभाषा असूनही 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदीची सेवा करणारे माधवराव सप्रे, या साऱ्यांवर बोलणे मला सुखाचे झाले असते. परंतु कार्यकारिणीने मजकडे विषय सोपविला तो मागच्या पिढ्यांचा नव्हे, पुढच्या पिढीचा. आणि तोही निव्वळ चर्चेसाठी नव्हे. काही सभासदांनी अशी सूचना मांडली आहे की, हिंसक व्हिडिओ गेमवर सरसकट बंदी घालावी अशी मागणी करणारा ठराव मंडळाने संमत करून शासनाकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा तयार आहे. त्यात असे म्हटले आहे की, 'हे खेळ आपल्या मुलांना हिंसक बनवीत आहेत.' या वाक्याखाली मंडळाने आपली सही करावी की नाही, हा आजचा खरा प्रश्न आहे. पन्नास वर्षांची प्रतिष्ठा ज्या संस्थेच्या पाठीशी आहे, तिने सही करण्यापूर्वी वाक्य तपासून घ्यावे, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू.

प्रथम हे पाहू की, त्या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. पडद्यावर गोळ्या झाडणारे मूल पुढे खरोखरीच कोणाच्या जिवावर उठते काय, हा पहिला प्रश्न. ते मूल चिडखोर, हातघाईवर येणारे, उर्मट होते काय, हा दुसरा. आणि हिंसेखेरीज अन्य काही अपाय त्याला होतो काय, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरल्यामुळेच घरोघरी आणि वृत्तपत्रांतूनही सारा गोंधळ माजला आहे.

मुलांच्या करमणुकीविषयी वडीलधाऱ्यांना वाटणारी भीती नवीन नाही. या सभागृहातील ज्येष्ठांना आठवत असेल की, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचाव्या लागत. झुंजार आणि काळा पहाड वाचून मुलगा वाया जाणार, असे वडिलांना मनापासून वाटे. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आला. तिकडे अमेरिकेत फ्रेड्रिक वर्दॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ साली एक ग्रंथ लिहून कॉमिक्स हेच बालगुन्हेगारीचे मूळ असल्याचे प्रतिपादिले. त्यावरून मोठे काहूर उठले आणि प्रकाशकांना स्वतःवर निर्बंध घालून घ्यावे लागले. या ग्रंथातील पुराव्यांत फेरफार झाले होते, हे एका संशोधिकेने त्याची मूळ कागदपत्रे तपासून दाखविले ते २०१२ साली, म्हणजे सुमारे साठ वर्षांनी! आपल्याकडे १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला, तेव्हा तो वाचवील या भरवशावर मुले जिवाशी खेळत असल्याच्या बातम्यांनी आईबापांची झोप उडविली होती.

व्हिडिओ गेमची कुळकथाही अशीच आहे. १९७६ साली 'डेथ रेस' नावाच्या खेळात मोटारीखाली मानवसदृश आकृत्या चिरडाव्या लागत, त्यावरून अमेरिकेत पहिला गदारोळ झाला. १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' आला. १९९३ साली तेथील सिनेटने या विषयावर सुनावणी घेतली आणि १९९४ पासून खेळांच्या वेष्टनावर वयोगटाची मोहोर उमटू लागली.

परंतु पूर्वीची भीती फोल ठरली म्हणून आजची भीतीही फोलच असणार, हा तर्क निर्दोष नव्हे. पुस्तकातला खून मूल वाचते, चित्रपटातला पाहते. खेळातला मात्र ते स्वतः करते. नेम अचूक लागला तर त्याला गुण मिळतात, आणि ही कृती ते दिवसाकाठी शेकडो वेळा करते. सराव आणि बक्षीस या दोन गोष्टींनी माणूस शिकतो, हे शिक्षणशास्त्राचे साधे तत्त्व. तेव्हा या बाबतीत निराळा विचार करावा लागेल, असे म्हणणारांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. याकरिताच संशोधनाकडे वळले पाहिजे.

१९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने एका फुगीर बाहुल्याला बडविताना लहान मुलांनी पाहिले, आणि नंतर संधी मिळताच त्या मुलांनीही त्याला तसेच बडविले. मूल अनुकरण करते, हे त्यावरून निर्विवाद दिसले. मात्र तो बाहुला मार खाण्यासाठीच बनविलेला होता, हेही विसरता येत नाही. पुढे क्रेग अँडरसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ गेमवर अनेक प्रयोग केले. त्यांची रीत साधारण अशी: काही विद्यार्थ्यांना हिंसक आणि काहींना अहिंसक खेळ थोडा वेळ खेळावयास द्यावयाचा, नंतर दुसऱ्या खोलीत कोणी प्रतिस्पर्धी आहे असे सांगून, त्याच्या कानी किती कर्कश आवाज आणि किती वेळ सोडावा हे त्यांना ठरवू द्यावयाचे. अन्य काही संशोधकांनी आवाजाऐवजी, दुसऱ्याच्या खाण्यात किती तिखट घालावे हे ठरवावयास सांगितले. हिंसक खेळ खेळलेल्यांनी थोडा मोठा आवाज सोडला, थोडे अधिक तिखट घातले, असे बऱ्याच प्रयोगांत आढळले. परंतु सज्जनहो, प्रयोगशाळेतील चमचाभर तिखट आणि रस्त्यावरचा चाकू यांत जे अंतर आहे ते अनुमानाच्या एकाच उडीत ओलांडता येईल काय?

म्हणून मुलांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवणारे अभ्यास अधिक मोलाचे. २०१८ साली अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत नाना देशांतील सतरा हजारांहून अधिक मुले होती. हिंसक खेळ खेळणाऱ्या मुलांत पुढील काळात मारामारीसारख्या वर्तनात किंचित वाढ दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. उलटपक्षी २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलामुलींची पाहणी केली. आक्रमकतेचा तपशील त्यांनी मुलांना न विचारता पालकांना विचारला, आणि खेळ हिंसक आहे की नाही हे सरकारमान्य वयोगटावरून ठरविले. त्यांना असा संबंध आढळला नाही. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

या वादाचा मध्य कोठे आहे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपल्या भूमिकेत सुधारणा करताना सांगितले. हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे यांसारखे आक्रमक वर्तन यांत लहानसा परंतु पुन्हापुन्हा दिसणारा संबंध आहे. मात्र गंभीर हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिचे म्हणणे. त्यापूर्वी २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. बहुमताचे निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांतील क्रौर्याची आठवण करून दिली होती. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांना मात्र अपायाचे पुरावे पुरेसे वाटले होते.

'लहानसा संबंध' याचा अर्थही नीट समजून घ्यावा. हजारो मुलांच्या सरासरीत जो फरक दिसतो, त्यावरून तुमच्या-आमच्या घरातील एका मुलाविषयी भविष्य वर्तविता येत नाही. मुलाच्या आक्रमकतेला घरातील मारहाण, आईबापांचा कलह, सोबत्यांची संगत ही कारणे कितीतरी अधिक बळकट आहेत. जपान आणि दक्षिण कोरिया या देशांत व्हिडिओ गेमचा प्रसार अफाट आहे, तरी तेथील खुनांचे प्रमाण जगात कमी समजले जाते. अमेरिकेतही १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर हे खेळ घरोघरी पोहोचले, आणि त्याच काळात अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे वाढले नाहीत, ते उतरले. यावरून खेळांनी गुन्हे घटविले असे मी म्हणत नाही. परंतु खेळांनी गुन्हेगारांची पिढी घडविली असे म्हणणाराला या वस्तुस्थितीचे उत्तर द्यावे लागेल.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१७ साली 'ब्लू व्हेल' या नावाने आईबापांच्या उरात धडकी भरली. मुलांच्या काही आत्महत्यांचा संबंध या तथाकथित खेळाशी जोडला गेला. शाळांनी परिपत्रके काढली. पुढे केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने अशा घटना तपासल्या, आणि २०१८ च्या आरंभी संसदेत सांगण्यात आले की, त्यांतील एकाही घटनेत या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. त्या मुलांच्या मृत्यूचे दुःख खरे होते. आपण शोधलेले कारण खरे नव्हते. आणि खोटे कारण हाती लागले की खऱ्या कारणाचा शोध थांबतो, हा त्यातील सर्वांत मोठा अपाय.

२०१८ साली 'पबजी' मोबाइलवर अवतरला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो, असे त्याचे स्वरूप. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोट येथे पोलिसांनी त्यावर मनाई हुकूम काढला आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. त्याच वर्षी मुंबईतील एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदी घालण्यासाठी जनहितयाचिका दाखल झाली. अखेर २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर केंद्राने बंदी घातली, तीत पबजी होता. परंतु त्या बंदीचे कारण मुलांचे वर्तन हे नव्हते; देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती परकीयांच्या हाती जाण्याची भीती, हे होते. पुढे २०२१ साली तोच खेळ नवे नाव धारण करून आला, २०२२ साली पुन्हा अडविला गेला, आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाला. नव्या अवतारात रक्ताचा लाल रंग जाऊन तेथे हिरवा रंग आला. मुलाच्या हातातील बंदूक तीच, रात्रीचे जागरण तेच. बदलला तो केवळ रंग. प्रश्न केवळ 'हिंसे'चा मानला की उत्तरही असे रंग बदलण्यापुरतेच मिळते.

२०१९ च्या मार्चमध्येच हिंगोली येथे लोहमार्गालगत हा खेळ खेळण्यात गढलेले दोन तरुण आगगाडीखाली सापडून मरण पावले. त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता. खेळाने त्यांना हिंसक केले नाही. त्यांचे अवधान हिरावून घेतले. माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली येथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण अंमलात आले. त्याची लक्षणे वाचली म्हणजे आश्चर्य वाटते, कारण त्यांत बंदुकीचा उल्लेखही नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे, आणि नुकसान होत असल्याचे दिसूनही खेळत राहणे, ही ती तीन लक्षणे. आणि ती सामान्यतः वर्षभर टिकलेली असली पाहिजेत. फळे फोडण्याच्या निरुपद्रवी खेळातही हा विकार जडू शकतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने अशा रुग्णांसाठी २०१४ सालीच स्वतंत्र सेवा सुरू केली. अर्थात खेळणारी बहुसंख्य मुले या विकाराच्या वाटेला जात नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे.

दुसरा अपाय पैशाचा. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. २०२१ साली आपल्याच कांकेर जिल्ह्यात एका बारा वर्षांच्या मुलाने 'फ्री फायर' या खेळातील शस्त्रे विकत घेण्यात आईच्या खात्यातून तीन लाखांहून अधिक रुपये तीन महिन्यांत खर्चिले. प्रथम संशय गेला तो भामट्यांवर. तपासाअंती निघाले घरचेच मूल. त्याला हाव सुटली ती रक्ताची नव्हे, बरोबरीच्या मुलांपुढे मिरविण्याची. या खेळांचा व्यापारच असा रचलेला आहे की प्रवेश फुकट, आणि मानापानाचे मोल मात्र रोख. भिलाईशी नाव जोडले गेलेले 'महादेव' सट्ट्याचे प्रकरण आपण सर्वांनी वृत्तपत्रांतून वाचले. खेळातून खरेदीकडे आणि खरेदीतून जुगाराकडे जाणारी वाट किती निसरडी आहे, हे निराळे सांगावयास नको. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली ती याच कारणाने. तो कायदा हिंसेविषयीचा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

तिसरा अपाय झोपेचा. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि दहा वर्षांनी तो मागे घेतला. मुले मोबाइलकडे वळली होती आणि कायदा राहिला होता संगणकापुरता. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास मोकळा ठेवला. इतकी कठोर राजसत्ता आपल्याला मानवणारी नाही, आणि आईबापांचे काम राजसत्तेने करावे हे इष्टही नाही.

आता त्या रागाविषयी बोलतो, कारण ठराव आणणाऱ्या पालकांचा अनुभव खोटा आहे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. 'हातातून मोबाइल काढून घेतला की पोरगा अंगावर धावून येतो', असे सांगणाऱ्या माउलीला आकडेवारीने गप्प करणे हा अन्याय होईल. परंतु त्या रागाचे कारण गोळीबार हेच आहे काय? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत संशोधकांनी ही गोष्ट पारखून पाहिली. ठोकळे रचण्याच्या 'टेट्रिस' या सर्वस्वी अहिंसक खेळात त्यांनी मुद्दाम अडथळे घातले, तर इतरत्र खेळाची कळ अवघड करून ठेवली. खेळणाऱ्यांच्या मनात आक्रमक भावना उसळल्या त्या खेळातील हिंसेमुळे नव्हे, तर आपले कौशल्य चालू दिले जात नाही या चडफडीमुळे, असे त्यांना आढळले. पबजीचा एक डाव सुमारे अर्धा तास चालतो आणि चार सोबती एकमेकांच्या भरवशावर खेळत असतात. पंचविसाव्या मिनिटाला आपण यंत्र हिसकावून घेतो तेव्हा मुलाच्या दृष्टीने तो भर सामन्यात सोबत्यांना सोडून पळून जातो. त्याचा उर्मटपणा क्षम्य नाही. पण तो समजण्याजोगा आहे. कॅरमचा डाव रंगात असता कोणी पट उलथून टाकला, तर आपल्यापैकी किती जणांचे संतुलन राहील? आणि त्या घटकेला बापाचा हात उठला, तर बलवानाने दुर्बलाशी कसे वागावे याचा वस्तुपाठ त्या मुलाला पडद्यावरून नव्हे, प्रत्यक्ष घरात मिळतो. बंडुरांच्या प्रयोगातील मोठा माणूस आठवा. अनुकरणासाठी मुलासमोर सर्वांत जवळ उभे असतो ते आपणच.

मग पूर्वी काय निराळे होते? हिंसा तर आपल्या कथांत भरपूर आहे. मुलांनी अफजलखानवधाचे पोवाडे ऐकले, दिवाळीत किल्ले बांधून मावळ्यांच्या हाती तलवारी दिल्या. येथे रायपुरात डब्ल्यू. आर. एस. कॉलनीच्या मैदानावर दसऱ्याला रावणाचा भव्य पुतळा जळताना मुले खांद्यावर बसून पाहतात. त्यातून कोणी हिंसक झाल्याचे ऐकिवात नाही. कारण तेथे मूल एकटे नसते. रावण कोण, तो का मारला गेला, त्याची विद्वत्ता केवढी, हे सांगणारा आजोबा शेजारी असतो. हिंसेला अर्थ असतो आणि मुलाला सोबत असते.

या दृष्टीने रायपूरचाच एक इतिहास सांगण्याजोगा आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यांत होते. अमेरिकेच्या उपग्रहावरून कार्यक्रम येत आणि गावातला एकुलता एक संच सार्वजनिक जागी असे. सकाळी शाळेतील मुले, संध्याकाळी सारा गाव त्यापुढे बसे. म्हणजे या भागातील अनेक खेड्यांनी पहिला पडदा पाहिला तो एकत्र बसून. जे दिसले त्यावर बोलत, हसत, वाद घालीत. पुढे पडदा घराच्या बैठकीत आला, नंतर खोलीत गेला, आणि आता तो पांघरुणाखाली गेला आहे. पडद्यावरील चित्र बदलले यापेक्षा पडद्यापुढची माणसे घटत घटत एकावर आली, हा बदल मला अधिक चिंताजनक वाटतो.

आणि तो पडदा मुलांच्या हाती कोणी दिला? २०२० च्या एप्रिलमध्ये शाळा बंद असताना आपल्या राज्यात 'पढ़ई तुंहर दुआर' ही योजना सुरू झाली, आणि शिक्षणासाठी मोबाइल ही गरजेची वस्तू ठरली. ते आवश्यकच होते. परंतु शाळा उघडल्या तरी मोबाइल परत आला नाही. जेवताना, पाहुणे आले असता, प्रवासात, मूल गप्प बसावे म्हणून आपण तो देतच राहिलो. तद्वतच मैदाने आक्रसली, वाड्यांची अंगणे गेली, शिकवण्यांनी संध्याकाळ खाल्ली. मुलाने मैदान सोडून मोबाइल धरला हे अर्धसत्य आहे. मैदान त्याच्या पायाखालून आधीच काढून घेतले गेले होते.

एक जुना दाखला देतो. १८७७ साली कलकत्त्याचे दत्त कुटुंब रायपुरास आले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे येथे राहिला. त्याच्या योग्यतेची शाळा तेव्हा रायपुरात नव्हती. चरित्रकार सांगतात की या काळात वडिलांनी त्याला स्वतः शिकविले, घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत त्याला बरोबरीने बसू दिले, आणि बुद्धिबळ तो येथेच शिकला. बुद्धिबळ हाही युद्धाचाच खेळ. त्यात प्यादी मारली जातात, राजा कोंडला जातो. पण पटाच्या पलीकडे एक जिवंत माणूस बसलेला असतो. शाळेवाचून त्या मुलाचे अडले नाही, कारण घरातल्या मोठ्यांचा वेळ त्याला मिळाला.

तेव्हा ठरावाविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. 'हे खेळ आपल्या मुलांना हिंसक बनवीत आहेत', हे वाक्य आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर टिकणारे नाही; ते ठरावातून काढावे. त्याऐवजी शासनाकडे आणि कंपन्यांकडे मागावयाचेच तर असे मागावे: वयोगटाचा आकडा ठळक असावा, मुलाच्या खात्यावरून पालकांच्या संमतीवाचून एक रुपयाही जाऊ नये, आणि रात्री खेळ बंद ठेवण्याची सोय पालकांना सहज सापडावी.

घरी करावयाच्या गोष्टी याहून महत्त्वाच्या. पबजीवर युरोपात सोळा वर्षांची मर्यादा लिहिलेली आहे, 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वर अठराची. हे आकडे पालकांनी वाचावेत, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती असे खेळ मुळीच देऊ नयेत. लहानसा का होईना, संबंध ज्यात दिसतो तो अपाय लहान मुलाच्या वाट्यास आणण्याचे कारण काय? बँकेचे खाते मोबाइलमधील खेळास जोडू नये. रात्री घरातील सर्वांचे मोबाइल, वडिलांचासुद्धा, निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावेत. वेळ आधी ठरवावी ती मिनिटांनी नव्हे, डावांनी. 'दोन डाव झाले की बंद' हे मूल पाळू शकते. आणि एकदा तरी मुलाशेजारी बसून तो खेळ समजून घ्यावा. त्यात कोण अनोळखी माणसे त्याच्याशी बोलतात हे तेव्हाच कळेल. मूल शाळा, जेवण, मित्र सारे टाकून खेळातच बुडाले असेल तर शिक्षेऐवजी वैद्यकीय सल्ला घ्यावा. रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेली-मानस' सेवा आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

उरले मंडळाचे कर्तव्य. २०२२ साली राज्य शासनाने छत्तीसगढिया ऑलिंपिक भरविले, त्यात गेडी, भंवरा, पिट्ठूल यांच्या जोडीला फुगडीही होती. महाराष्ट्रातील मंगळागौरीची फुगडी आणि छत्तीसगढच्या अंगणातील फुगडी एकमेकींना ओळखतात, ही केवढी आनंदाची गोष्ट! आपले हे सभागृह आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. त्यातील दोन संध्याकाळ मुलांना द्या. कॅरम, बुद्धिबळ, लेझीम, मल्लखांब, जे जमेल ते ठेवा. आणि महिन्यातून एकदा मोठा पडदा लावून मुलांना त्यांचा व्हिडिओ गेमही सर्वांदेखत खेळू द्या, आजी-आजोबांना शिकवू द्या. पांघरुणाखाली गेलेला पडदा पुन्हा चावडीवर आणण्याचा याहून सोपा उपाय मला दिसत नाही. यासाठी लागेल तो पैसा थोडा आहे. लागणार आहे तो आपला वेळ. ठराव संमत करण्यास दोन मिनिटे पुरतात. सभागृहाची किल्ली दर आठवड्यास दोनदा घेऊन येणारी चार माणसे मिळविणे कठीण आहे. त्या चार नावांची नोंद आज येथेच व्हावी, अशी माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.